किटलीपर्यंतचा श्वास

काही माणसं देवाने माती ओली असतानाच हातावेगळी केली असावीत, त्याशिवाय ती जन्मभर एका जागी का ठरत नाहीत याचा उलगडा होत नाही. भिंगरी त्यातलीच. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यापुरतं. घरात, गल्लीत आणि आता या बोटीवरही ती भिंगरीच. जेवताना तिचे पाय हलायचे, झोपेत हात हलायचे, आणि समोरच्याचं एक वाक्य पुरं होईपर्यंत ती दोनदा जागा बदलायची. आई म्हणायची, हिला सांभाळणं म्हणजे गॅसवर दूध ठेवून बसणं. नजर हटली की गेलंच.

बोट शिडाची होती. सुट्टीत दहा-बारा पोरापोरींना घेऊन निघायची. पोरांनी शिडं ओढायची, सुकाणू धरायचं, आपली भांडी आपण घासायची, आणि नांगर पडला की पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली जायला शिकायचं. वय मात्र अठराच्या आत हवं. भिंगरीच्या दादाला पुढच्या महिन्यात अठरा पूर्ण होणार होती, आणि त्यानंतर तो नोकरीसाठी लांब जाणार होता. त्यानेच घरच्यांच्या मागे लागून धाकटीला बरोबर आणलं होतं. तिची जबाबदारी माझी, असं वडिलांपुढे छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. आता तीच जबाबदारी त्याच्या गळ्यात अडकली होती.

कारण पाण्याखाली कुणी एकट्याने जायचं नाही, जोडीने जायचं. आणि जोडीचा नियम कडक होता. दोघांपैकी एकाच्या टाकीचा काटा तांबड्या रेघेला टेकला, की दुसऱ्याकडे कितीही हवा शिल्लक असो, दोघांनी मिळून वर यायचं. डेकवर लाकडी खुंट्यांची ओळ होती. प्रत्येक जोडीला एक खुंटी. वर आलं की दोघांनी आपली ओली जॅकेटं त्या एकाच खुंटीवर टांगायची. भिंगरी आणि दादाची खुंटी शिडीच्या बाजूची, अगदी कडेची.

बोट जिथे थांबली होती तिथे खाली मासेमारीची एक जुनी बोट बुडालेली होती. फार खोल नाही, पण वाळूत आडवी पसरलेली, लांबलचक. तिच्या शेपटाकडे स्वयंपाकाची खोली होती. छप्पर कधीच गेलेलं, पण लोखंडी शेगडी जागेवर होती, शेगडीवर किटली होती, आणि त्या किटलीत म्हणे एक ऑक्टोपस राहायचा. छोटासा, मुठीएवढा. झाकण आतून उचलून बाहेर बघायचा आणि पुन्हा ओढून घ्यायचा. बाकी सगळ्या पोरांनी तो पाहिला होता. कासव म्हणून एक जाडजूड पोरगा होता, तो तर त्याची नक्कल करून दाखवायचा. त्याला कासव म्हणायचं कारण म्हणजे तो इतका सावकाश श्वास घ्यायचा, की त्याची टाकी संपायचं नावच काढायची नाही.

पाहिला नव्हता तो फक्त या बहीणभावांनी. जेव्हा जावं तेव्हा बुडालेल्या बोटीच्या मध्यापर्यंत, मासे साठवायच्या खणापर्यंत पोचलं, की भिंगरीचा काटा तांबड्याकडे झुकलेला असायचा. ती खाली गेली की हात मारायची, मागे वळायची, इकडे मासा दिसला की तिकडे धावायची, आणि धावणाऱ्याला जशी धाप लागते तशी हवा पीत सुटायची. दादा खांद्यावर टकटक करायचा, वर बोट दाखवायचा, आणि दोघं परत. डेकवर आल्यावर तो काही बोलायचा नाही. पण न बोलण्यालाही आवाज असतो, आणि भिंगरीचे कान शाबूत होते.

त्या दिवशी सकाळी तिने ऐकलं ते मात्र बोललेलंच होतं. ती खाली भांडी घासत होती, वरची झडप उघडी होती. दादा डायव्हिंग शिकवणाऱ्या ताईंशी हळू आवाजात बोलत होता. उद्या बोट परत निघणार, आता फारशा बुड्या उरल्या नाहीत, तर दुपारी मला कासवाबरोबर जाऊ द्या, हिला तुम्ही घ्या, असं त्याचं म्हणणं. ताई म्हणाल्या, आत्ताची बुडी ठरल्याप्रमाणे होऊ दे. तीही अर्ध्यातून परत आली तर दुपारी बदलू.

भिंगरीच्या हातातली थाळी घासून कधीच लख्ख झाली होती, तरी ती घासतच राहिली. तिला रडू येत नव्हतं. रडायला एका जागी बसावं लागतं. ती वर गेली, दोर गुंडाळला, पुन्हा सोडला, मग कप्तानांच्या पायात घुटमळली. कप्तान पिकल्या मिशांचे, थट्टेखोर. ते म्हणाले की शिडाला वारा कमी पडला तर तुलाच मागे बांधू. एरवी ती हसली असती.

तिचं डोकं आता एकाच गोष्टीभोवती फिरत होतं. हवा वाचवायची. कशीही.

आणि तिला वाटलं, हे तर आपल्याला येतं. आईचे वडील देवाच्या कथा गाऊन सांगायचे. गावोगाव त्यांना बोलावणी यायची. हातात टाळ घेऊन उभे राहिले की माणसं वेळ विसरायची. लहानपणी भिंगरी त्यांच्यासमोर पहिल्या रांगेत बसायची, आणि कधीच न बसणारी ही पोर तिथे मात्र तासन्‌तास बसायची. आजोबा एका दमात एवढी लांब ओळ गायचे की ऐकणाऱ्याचाच जीव कासावीस व्हावा. घरी ती त्यांच्या मांडीला टेकून दम धरायची स्पर्धा लावायची, गाल फुगवून, डोळे वटारून. तिने मनाशी ठरवलं: एक श्वास घ्यायचा, आत कोंडून धरायचा, अगदीच राहवेना तेव्हा सोडायचा. काट्याची काय बिशाद खाली सरकायची.

आता, ताईंनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना समोर बसवून सांगितलं होतं की खाली गेल्यावर आपलं नाव विसरलात तरी चालेल, पण श्वास घ्यायचा आणि सोडायचा, कोंडून धरायचा नाही. हा नियम भिंगरीला पाठ होता. पण मनात एक गोष्ट घर करून बसली की नियम दाराबाहेर ताटकळत राहतात.

दोराला धरून ते खाली गेले; भिंगरीवर लक्ष ठेवायला या वेळी ताईही मागोमाग होत्या. हा दोर बुडालेल्या बोटीच्या नाकाला बांधलेला होता आणि वर त्याला तांबडा बोया तरंगत होता; सगळी सुरुवात तिथूनच व्हायची. भिंगरी पहिल्यांदाच शहाण्यासारखी सरळ चालली होती. हात पोटाशी. मासा दिसला तरी नजर समोर. दादाने वळून बघितलं, बोटांनी ‘ठीक’ची खूण केली, आणि मास्कच्या काचेआड त्याचे डोळे हसल्यासारखे वाटले. तेवढ्या हसण्यावर तिने आणखी एक श्वास कोंडला.

खण आला. खण मागे पडला. भिंगरीने काटा बघितला. अजून बराच वर होता. पुढे हिरव्या धुक्यात काहीतरी चौकोनी दिसू लागलं. तीच खोली असणार.

पण कपाळात ठणका सुरू झाला होता. आधी एका भुवईमागे, मग दोन्ही. छातीत कुणी आतून दार ठोठावत होतं. तिने दाताखाली नळी घट्ट धरली आणि भरलेली छाती तशीच ठेवली. आणि मग तिच्या लक्षात आलं की बुडालेली बोट तिच्यापासून दूर चालली आहे. बोट कशाला जाईल. तीच वर चालली होती. भरलेल्या छातीचं माणूस पाण्यात फुग्यासारखं होतं, आणि फुगा जसजसा वर जातो तसतसा आणखी फुगतो. ती घाबरली. घाबरल्यावर माणूस जे करतं तेच तिने केलं, दम आणखी घट्ट धरला.

पायाला हिसका बसला. ताईंनी तिचा घोटा धरला होता. दुसऱ्या हाताने त्यांनी तिचं जॅकेट पकडून तिला आपल्यासमोर आणलं, आणि डोळ्याला डोळा लावून स्वतःच्या तोंडातून बुडबुड्यांचा मोठा घोस सोडला. सोड. पुन्हा एकदा. सोड.

भिंगरीला सोडता येईना. आणि त्या क्षणी तिला आजोबा दिसले, मांडी घालून बसलेले, तिच्या फुगलेल्या गालांवर दोन बोटं टेकवणारे. ते त्या स्पर्धेत कधीच जिंकायचे नाहीत. ते हसायचे आणि म्हणायचे, “अगं पोरी, आत ठेवलास तर सूर तुझ्या पोटातच राहील. देवापर्यंत जायचा तर सोडावा लागतो.” मग ते तिला तोंड उघडून ‘आ’ लावायला सांगायचे, लांब, संपेपर्यंत.

तिने आ लावला. नळीतून, पाण्यातून, अजिबात धड नसलेला, बेसूर आ. बुडबुडे खदखदत वर गेले आणि छाती मोकळी झाली. पण मग तिने जी हवा ओढायला सुरुवात केली ती थांबेना. इतका वेळ उपाशी ठेवलेलं शरीर वाढलेल्या पानावर तुटून पडावं तसं टाकीवर तुटून पडलं. वाचवलेली सगळी हवा, आणि तिच्यावर आणखी थोडी, बघता बघता संपली. काटा तांबड्याला टेकला. ताईंनी दादाला खूण केली. तो चौकोनी खोलीपासून चार हातांवर होता. त्याने एकदा तिकडे बघितलं आणि वळला.

डेकवर भिंगरी डोकं धरून बसली. ताईंनी आधी तिला पाणी दिलं, छातीत कुठे दुखतंय का, बोटांना मुंग्या येताहेत का, दोनदोनदा विचारून घेतलं. कुठे काही नाही म्हटल्यावर मग रागवायला बसल्या. आवाज चढवला नाही, त्याचीच भीती जास्त वाटली. श्वास म्हणजे काय उरलेलं अन्न आहे का, संध्याकाळसाठी झाकून ठेवायला, असं त्यांनी विचारलं. आणखी जरा वर गेली असतीस तर फुप्फुस फाटलं असतं, हेही सांगितलं, काही न लपवता. ठणकत्या डोक्याने पुन्हा खाली जायचं नाही. दुपारची बुडी बंद.

दादा ओलेता तसाच उभा होता. ताई गेल्यावर तो तिच्यासमोर उकिडवा बसला.

“वेडी आहेस का तू? कोणी सांगितलं होतं तुला?”

“तूच,” भिंगरी म्हणाली. “झडप उघडी होती सकाळी.”

दादाचा चेहरा पडला. आईला काय तोंड दाखवलं असतं, एवढंच तो पुटपुटला, तेही तिला की स्वतःला ते कळलं नाही. भिंगरीला तो कोरडेपणाने बोलला असता तर बरं वाटलं असतं, तिला भांडता आलं असतं. पण तो तिच्या टाकीचा काटा पुन्हा पुन्हा बोटाने पुसत होता. तिने नजर वळवली आणि म्हणाली, “दुपारी कासवाबरोबर जा. जाऊन बघून ये तुझा तो ऑक्टोपस. मला काही नाही त्याचं.”

काही नाही कसं, सगळंच होतं. पण बोलून गेली.

दुपारी वारा वाढला. बोट नांगराच्या दोरावर इकडून तिकडे झुलायला लागली. डोलकाठीवरचा दोर कडकड वाजत होता. दादाने खुंटीवरून आपलं जॅकेट काढलं, घालताना तिच्याकडे बघितलं नाही. खुंटीवर तिचं एकटीचं राहिलं, एका बाजूला कललेलं.

ताईंनी भिंगरीला काम दिलं. जोडी पाण्याखाली असताना वरून कुणीतरी बुडबुड्यांवर नजर ठेवायची असते. कप्तान म्हणाले की पाऱ्याला पहारेकरी नेमलाय, देव सर्वांचं भलं करो, आणि तिच्या शेजारी येऊन बसले. भिंगरी कठड्याला हनुवटी टेकून बसली. पाय हलत होता. डोकं अजून जड होतं. मनात उलटसुलट चाललेलं: बघू दे त्याला, नको बघू दे, बघून आला की नक्कल करून दाखवील, दाखवू नये त्याने, का नाही दाखवायची.

तांबड्या बोयाजवळ दोन ठिकाणी बुडबुडे फुटू लागले. एक जागा शांत. मोठा घोस यायचा, मग पाणी सपाट, इतका वेळ सपाट की वाटावं माणूस झोपला, मग पुन्हा घोस. ते कासव, विचारायलाच नको. दुसरी जागा मात्र भातावरचं झाकण उडावं तशी खदखदत होती. एक घोस फुटतोय न फुटतोय तोवर दुसरा.

भिंगरी उठून उभी राहिली. तिने कप्तानांना विचारलं, हे दादाचेच का नक्की? कप्तान म्हणाले, खाली तिसरं कोण गेलंय?

तिला खरंच वाटेना. दादा तिच्याबरोबर असताना किती संथ असायचा. आणि आज तो पळत होता. बुडबुड्यांची रांग बोयापासून भराभर निघाली, मध्यापर्यंत गेली, मध्याच्या पुढे जरा सरकली आणि थांबली. मग वळली. खदखदणारी पुढे, संथ मागे. परत बोयाकडे.

“काटा टेकला,” भिंगरी म्हणाली. तिला आनंद व्हायला हवा होता, निदान थोडासा. झाला तो भलताच. छातीत कळवळून आलं. अरे, हळू घे ना, ती मनात म्हणत राहिली, सोड सगळा, मग घे.

आणि तशी उभी असताना तिला ते दिसलं. इतके दिवस ती खाली असायची, वरून हे कधी बघितलंच नव्हतं. सगळी हवा जात होती ती नाकापासून शेपटापर्यंत जाण्यात, आणि तेवढंच परत येऊन दोर धरण्यात. ती कप्तानांकडे वळली. दोर पुढच्याच टोकाला का बांधलाय?

कप्तानांनी मिशीवरून हात फिरवला. बराच विचार केला. मग म्हणाले, “पहिल्या दिवशी तिथे बांधला म्हणून.”

दादा शिडी चढून वर आला तेव्हा त्याला धड बोलता येत नव्हतं. मागून कासव आला, तो मात्र भडाभडा बोलत होता: माझी अर्धी टाकी तशीच भरलेली आहे, हा माणूस शर्यतीत निघाल्यासारखा सुटला, मला वाटलं मागे कुणी लागलंय. बाकीची पोरं हसली. ताईंनी दादाचा काटा बघितला, मग भिंगरीकडे बघितलं, आणि टाक्या उचलायला गेल्या.

दादा येऊन तिच्याशेजारी कठड्याला टेकला. केसांतून पाणी निथळत होतं. दोघांनीही बुडबुडे नसलेल्या पाण्याकडे बघितलं.

“तू बरोबर असलीस की माझं लक्ष तुझ्याकडे असतं,” तो म्हणाला. “तुझा काटा, तुझे पाय, तू कुठे पळालीस. त्यात माझा श्वास आपला आपण चालतो. आज बघायला कुणी नव्हतं गं. सारखं मागे वळत होतो, आणि मागे कासव.”

भिंगरीला हसू फुटलं, आणि हसताना डोकं ठणकलं म्हणून तिने कपाळ धरलं. म्हणजे तूही माझ्यासारखाच, असं ती म्हणाली नाही. ते त्याला कळलेलं दिसत होतं.

मग तिने त्याला दोराचं सांगितलं. बोटांनी कठड्यावर रेघ ओढून दाखवली: हे नाक, हे शेपूट, ही खोली. दादा ऐकता ऐकता सरळ झाला. ताईंना हाक मारली. ताईंनीही कठड्यावरची रेघ बघितली, आणि शेपटाकडे सुकाणूचा खांब अजून भक्कम आहे, त्याला दोर बसेल, असं म्हणाल्या. दोन हावऱ्यांना पुरेल तेवढं अंतर राहील, हेही त्यांनीच जोडलं. डोकं रात्रीत थांबलं, तर उद्या नांगर उचलायच्या आधी एक बुडी. पण जाताना जोडी कोणाची कोणाशी, ते मला आत्ताच सांगा.

दादा कासवाच्या खुंटीपाशी गेला, तिथे टांगलेलं आपलं जॅकेट काढलं, आणि कडेच्या खुंटीवर तिच्या कललेल्या जॅकेटाशेजारी नेऊन टांगलं. वजनाने खुंटी करकरली.

सकाळी डोकं हलकं होतं. ताईंनी आदल्या संध्याकाळीच दोर हलवला होता. दोराला धरून खाली उतरताना भिंगरी नळीतून हळू आवाजात आ लावत होती, संपेपर्यंत, मग श्वास, मग पुन्हा आ. पाय मध्येच हलायचा, तो हलू दिला. दोराच्या टोकाशी पोचले आणि शेगडी समोरच होती, हात लावावा इतकी जवळ, शेवाळाने हिरवी झालेली. किटलीचं झाकण बंद.

दोघं वाळूवर गुडघे टेकून बसली. काहीच झालं नाही. दादाच्या टाकीचा काटा तिच्या काट्यापेक्षा भराभर उतरत होता. तिने तो बघितला, त्याच्या छातीवर तळहात ठेवला आणि स्वतःच्या तोंडातून बुडबुड्यांचा लांब घोस सोडून दाखवला. सोड. त्याने सोडला. पुन्हा.

झाकण केसभर उचललं गेलं.